माहिती निरंक

बन्सीधर गुरुजी मुळात भांडखोर माणूस नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. घर परभणीत, शाळा झरीच्या पुढं एका वस्तीवर, आणि मधल्या रस्त्यावर रोजची मोटारसायकल. त्या रस्त्यानं इतकी वर्षं ये-जा करून ज्याच्या तोंडून एक शिवी गेली नाही, त्याला साधुपुरुषच म्हटलं पाहिजे. पण त्या साली या साधुपुरुषानं शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आणि संक्रांतीच्या आधीच त्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर मूठ आपटून "ही माणसं आहेत का कोण आहेत!" असं ओरडताना त्यांच्या बायकोनं, म्हणजे भक्तीवहिनींनी, पाहिलं. ओट्यावर लाटलेली पोळी होती. ती वाया गेली.

सुरुवात झाली ती दिपालीपासून. दिपाली चौथीत. बाप बिरू, आई म्हाळसाबाई, आणि त्यांची मेंढरं. दिवाळी झाली की हे बिऱ्हाड निघायचं ते चारा बघत बघत, गावोगावच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत थेट सोनपेठच्या बाजूला गोदाकाठापर्यंत जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. दिपाली जाताना वाचायला लागलेली असायची. येताना जोडाक्षरं वाटेत सांडलेली असायची. गुरुजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. अशी तीन वर्षं गेली.

या दिवाळीला म्हाळसाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, ह्या साली पोरीचं वाचनं तुटू देऊ नका. तिचा बाप म्हनायलाय, चौथी झाली, आता मेंढरामागंच बरी हाय. आवंदा परत आल्यावर तिनं घडाघडा वाचून दावलं तरच तो ऐकल. न्हाई तर पुढल्या साली म्या तिला आनू शकायची न्हाई."

"काळजी करू नका. माझी जिम्मेदारी," गुरुजी म्हणाले. जिम्मेदारी हा शब्द माणसानं रिकाम्या पोटी उच्चारू नये. पण गुरुजींनी तो नेमका जेवणाच्या सुट्टीआधी उच्चारला.

आता अशा मुलांसाठी सरकारनं एक कार्ड काढलेलं आहे. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं की तिथं बसू देतात. गुरुजींनी दिपालीला ते भरून, शिक्का मारून दिलं होतं. म्हाळसाबाईनं शिक्का पाहिला आणि एवढा मोलाचा कागद मेंढरामागं हरवू नये म्हणून तो देवाच्या पेटीत कुलपात ठेवला. पेटी गावात राहिली आणि बिऱ्हाड पुढं गेलं. बिरूला फोन करावा तर त्याचा मोबाइल कुठल्या तरी गावी चहाच्या टपरीवर चार्जिंगला लागला तरच बोलायचा, एरवी बंद.

म्हणून गुरुजींना ग्रुप सुचला. कल्पना इतकी सोपी होती, की ती फसेल असं कुणाला वाटलं नसतं. मेंढरांच्या वाटेवरच्या गावांतले ओळखीचे गुरुजी आणि बाई एकत्र करायच्या. बिऱ्हाड ज्यांच्या शिवारात येईल त्यांनी दिपालीला वर्गात बसवायचं, कुठवर शिकवलं ते ग्रुपवर टाकायचं, पुढच्या गावच्या शिक्षकानं तिथून पुढं सुरू करायचं. मोठमोठ्या परिषदांमध्ये ज्याला शिक्षकांचं माहितीजाळं वगैरे म्हणतात, ते हेच. गुरुजींनी संध्याकाळी पलंगावर बसून ते विणलं आणि ग्रुपला नाव दिलं, 'दिपालीची शाळा'.

दोन दिवस सुरेख गेले. मधल्या एका गावचे सिद्धोधन सर म्हणाले, "पाठवा पोरीला, बसवतो." एका बाईंनी तर अंगठ्याऐवजी पूर्ण वाक्य लिहिलं. गुरुजी भक्तीवहिनींना म्हणाले, "बघ, चांगली माणसं असतात जगात." हे त्यांनी शेजारच्या माणिकरावांच्या देखत म्हटलं, तिथं घात झाला.

माणिकराव कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुणी नमस्कार केला तर तो आवक म्हणून नोंदवावा अशा नजरेनं बघायचे. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ग्रुपमधी साहेब हायेत का?"

"साहेब कशाला? आमचं आमचंच आहे."

"हेच चुकायलंय तुमचं, गुरुजी. उद्या साहेबाला बाहेरून कळलं तर? की आपल्याला वगळून ह्यांनी कायतरी चालू केलंय? साहेब उपाशी राहील, पण वगळलेलं सहन करणार न्हाई. इज्जतीचा सवाल असतो. आधी त्यांना घ्या आत."

गुरुजींनी त्यांच्या केंद्रप्रमुखांना, चंद्रभान साहेबांना, आत घेतलं. विहिरीवर माणसं पाणी भरताहेत आणि तिथं आपण होऊन हत्तीला आमंत्रण द्यावं, तसं झालं हे. साहेब आत आल्या आल्या ग्रुपवर 'हार्दिक स्वागत' सुरू झालं. ज्या बाईंनी पूर्ण वाक्य लिहिलं होतं त्यांनीही हात जोडले आणि त्या जोडलेल्या हातांनी पुन्हा काही लिहिलं नाही. साहेबांचा फोन आला.

"बन्सीधर सर, कल्पना लय चांगली हाय तुमची. पण एका पोरीच्या नावानं ग्रुप? बरं दिसत न्हाई. ह्याला व्यापक करू."

व्यापक केलं. ग्रुपचं नाव 'ज्ञानगोदा शैक्षणिक माहितीजाळे' झालं. ॲडमिन साहेब झाले. गुरुजींच्या वाट्याला सदस्यत्व उरलं, तेही साहेब म्हणाले म्हणून. जिंतूरकडचे, सोनपेठकडचे, साहेबांच्या ओळखीचे, साहेबांच्या मेव्हण्याच्या ओळखीचे असे शिक्षक भराभर आत आले. मेंढरं जिकडे या जन्मात जाणार नाहीत तिकडचेही आले. आणि मग ठरलं, की एवढ्या मोठ्या उपक्रमाचं उद्घाटन झालं पाहिजे.

ग्रुपचं उद्घाटन कसं करतात, हा प्रश्न साहेबांनी ग्रुपवरच टाकला. अनेकांनी 'छान प्रश्न' असं उत्तर दिलं. शेवटी एका स्टीलच्या ताटात मोबाइल ठेवायचा, त्याला लाल फीत बांधायची आणि साहेबांनी ती कापायची असं निघालं. मोबाइल कुणाचा? ज्याची कल्पना त्याचा. गुरुजींना त्यात मान वाटला, हे लिहून ठेवायला हवं. साहेब कात्री धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिले, कात्री आपल्या मनानं गेली. फीत कापली गेली, आणि फितीखालच्या काचेला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. टाळ्या झाल्या. गुरुजींनीही वाजवल्या. शाल आणि श्रीफळ साहेबांना मिळालं. दिपालीचं नाव भाषणात आलं नाही, कारण भाषण व्यापक होतं.

त्या दिवसापासून ग्रुप म्हणजे जत्रा झाली. सकाळी फुलं, दुपारी परिपत्रकं, संध्याकाळी वाढदिवस. साहेबांचा वाढदिवस आला तेव्हा मोबाइल ताकासारखा घुसळून निघाला. या सगळ्या गर्दीत गुरुजी बिचारे तडा गेलेल्या काचेतून दिपाली कुठं दिसते का, हे शोधत बसायचे. शेवटी न राहवून त्यांनी स्वतःच विचारलं. आधी लिहिलं, 'सर्वांना नमस्कार.' पुढचं वाक्य टंकत होते तोवर खाली उत्तर आलं.

'निरंक.'

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगायला हवं. कचेरीनं जे विचारलंय ते आमच्याकडे नाही, काही नाही, शून्य आहे, असं कळवण्याला निरंक म्हणतात. गावात पूर आला का? निरंक. शाळेत साप निघाला का? निरंक. साप निघाला असला तरी निरंकच, कारण 'होय' म्हटलं की पुढं सापाची लांबी विचारणारा तक्ता येतो. आमच्या शिक्षकांच्या अंगठ्याला हा शब्द इतका सरावलाय, की डोळ्यांनी प्रश्न वाचायच्या आधी अंगठ्यानं उत्तर गेलेलं असतं.

गुरुजींनी प्रश्न पूर्ण केला. 'आपल्या शिवारात बिरू यांचे मेंढरांचे बिऱ्हाड आले आहे काय? मुलगी दिपाली, इयत्ता चौथी. शाळेत बसली असल्यास कृपया कळवावे.'

निरंक. निरंक. निरंक सर. माहिती निरंक. मधेच एकानं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' टाकल्या, त्याचं आधीचं राहिलं असेल. सिद्धोधन सरांनीसुद्धा निरंक लिहिलं, आणि फोन केला तर उचललाच नाही. 'पाठवा पोरीला' म्हणणारा माणूस! पोळीवर मूठ पडली ती याच संध्याकाळी.

"अहो, बिऱ्हाड दुसरीकडं गेलं असेल," भक्तीवहिनी म्हणाल्या.

"कुठं जाईल? समुद्रात? वाटेवरची सगळी गावं आहेत ग्रुपात! मेंढरं काय हवेतून चाललीत?"

खरी मौज पुढं आहे. साहेबांनी ही सगळी निरंकं गोळा केली, त्यांची बेरीज केली, बेरीज शून्य आली आणि ती त्यांनी वर पाठवली. माहितीजाळ्यामुळे परिसरात स्थलांतर करून गेलेलं एकही मूल उरलं नाही, असा त्याचा अर्थ निघाला. वरून शाबासकी आली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की सगळीकडे शून्य असताना झरीच्या पुढच्या एका वस्तीशाळेनं मात्र एक मुलगी बाहेर गेलेली दाखवली आहे. एवढ्या सुंदर शून्यात हा एक खडा कुणी टाकला?

बन्सीधर गुरुजींना नोटीस निघाली. 'सर्व शाळांची माहिती निरंक असताना आपण एक विद्यार्थिनी स्थलांतरित दर्शवून वरिष्ठांची दिशाभूल केली आहे. मुलगी कोठे आहे ते पुराव्यासह सिद्ध करावे, अन्यथा चूक मान्य करून लेखी खुलासा द्यावा. कसूर केल्यास सेवापुस्तकात नोंद घेतली जाईल.' नोटीस साहेबांनी ग्रुपवरही टाकली. तिच्याखाली पटापट अंगठे आले. जिंतूरकडच्या एकानं न वाचताच 'हार्दिक अभिनंदन सर, पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहिलं. गुरुजींना रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. इतकी वर्षं इमानानं खडू झिजवला, कधी कुणाचा पाच पैशांचा चहा फुकट प्यायला नाही, आणि आता म्हणे दिशाभूल! मेंढरांची दिशा हरवलीय म्हणून विचारलं तर म्हणे दिशाभूल!

माणिकराव खुलाशाचा मसुदा घेऊनच आले. "लिहा की प्रकृती बरी नव्हती. कचेरीला आजारी माणूस लय आवडतो."

"मी आजारी नाही!" गुरुजी ओरडले. "ती पोरगी आहे! जिवंत आहे! मी तिला पाढे शिकवलेत!"

"मग जाऊन आणा की फोटो तिचा," भक्तीवहिनी आतून म्हणाल्या. "इथं ओरडून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गुरुजींनी मोटारसायकल काढली. रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात, पण गुरुजींना त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसत होतं. पहिल्याच गावात हरभऱ्याच्या शेतात उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं.

"मावशी, इकडं मेंढरं आली होती का?"

"बिरूची का? आली व्हती की. आमच्याच रानात बसली व्हती. पुढं गेली."

पुढच्या फाट्यावर पंक्चरवाल्यानं न विचारता हात दाखवला. "मास्तर दिसताव. त्या मेंढरावाल्याची पोरगी हुडकायलाव का? खाली जावा, गंगेच्या अंगाला." गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. पानटपरीवाल्याला माहीत, एसटीच्या कंडक्टरला माहीत, थांब्यावर झोपलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत. अख्ख्या जिल्ह्याला बिरूचं बिऱ्हाड ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्ञानगोदा शैक्षणिक माहितीजाळ्याला.

सोनपेठच्या अलीकडे एका गावात मेंढरं सापडली. गावाचं नाव इथं सांगत नाही, नाही तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना उगाच नोटीस जायची. मेंढरं शाळेच्या कुंपणाला अक्षरशः अंग घासत उभी होती. एक तर फाटकातून आत येऊन फलकावरचा सुविचार वाचल्यासारखं उभं होतं. आणि याच शाळेचे मुख्याध्यापक आश्रुबा सर, ग्रुपवर निरंक लिहिणाऱ्यांत पहिले! 'सर्वांना नमस्कार'ला निरंक म्हणणारे ते हेच!

गुरुजींनी गाडी स्टँडवर लावली नाही, आपटली. तरातरा व्हरांडा ओलांडून ते वर्गाच्या दारात गेले. 'लाज वाटते का' इथून सुरुवात करायची, हे त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

वर्गात पहिल्या रांगेत दिपाली बसली होती.

तिच्या पुढ्यात पुस्तक होतं, बोट ओळीवर होतं, आणि ती मोठ्यानं वाचत होती. अडत नव्हती. जोडाक्षर आलं की एक श्वास घ्यायची आणि उडी मारल्यासारखी पलीकडे जायची. गुरुजी दारातच थांबले. 

"गुरुजी!" दिपालीनं पाहिलं. "मला भागाकार यायलाय!"

आश्रुबा सर वळले आणि पांढरेफटक पडले. त्यांनी गुरुजींना कोपराला धरून व्हरांड्यात आणलं.

"सर, ही पोरगी इथं बसलीय," गुरुजी म्हणाले, "आणि तुम्ही निरंक लिहिता?"

"हळू बोला. कवापासून बसायलीय. खिचडी खाती, भागाकार करती. पोरगी हुशार हाय."

"मग लिहिलं का नाही? एक ओळ! तुमच्यापायी मला नोटीस आली!"

आश्रुबा सरांनी खुर्ची पुढं केली. "बसा. मागं एकदा म्या खरं लिहिलं व्हतं, सर. दुसरं पोरगं व्हतं, ऊसतोडीवाल्याचं. मी लिहिलं, बसवलंय. वरून आलं, दाखला कुठाय? आधार कुठाय? दोन शाळांत नाव कसं? त्यानं तांदूळ कुणाच्या हिश्श्याचा खाल्ला? खुलासे लिहून लिहून बेजार झालो. आन् शेवटाला आलं, कागदं येईपर्यंत बसवू नका. त्या पोराला म्या हातानं उठवलं, सर. वर्गातून. कागदं आली तवा त्याचे मायबाप तोडणी संपवून गेलते." त्यांनी खिडकीतून वर्गाकडं पाहिलं. "तवापासून म्या बसवतो, पण लिहीत न्हाई."

"आणि सिद्धोधन सर?"

"त्यांनीबी बसवलं. त्या बाईनंबी. सगळ्यांनी. तुमच्या ग्रुपात साहेब नसते तर फोटो टाकला असता मी, हार घालून."

"मग कुठवर शिकवलंय ते तुम्हाला कळलं कसं?"

"बिरू सांगतो की. आला की म्हनतो, मागल्या मास्तरांचा सांगावा हाय, जोडाक्षरं झाली, आता भागाकार धरा म्हनं."

गुरुजींच्या खिशात मोबाइल थरथरला. साहेब विचारत होते: 'मुलगी मिळाली काय? पुरावा तात्काळ सादर करावा.' गुरुजींनी तडा गेलेली काच खिडकीकडे वळवली. चौकटीत दिपाली आली, मागं फळा, फळ्यावर शाळेचं नाव. त्यांनी फोटो काढला. यापेक्षा चांगला पुरावा जगात कुठल्या कोर्टाला मिळाला नसेल. एक बोट लावायचा अवकाश, नोटीस रद्द. दिशाभूल कोणी केली ते अख्ख्या ग्रुपला दिसलं असतं. माणिकरावांनाही दिसलं असतं.

आश्रुबा सरांनी हात जोडले. ते ग्रुपवरचे हात नव्हते, खरे होते.

फोटो गेला तर हे निलंबित. सिद्धोधन सर निलंबित. त्या बाई निलंबित. आणि आजच दुपारी कुणीतरी दिपालीला म्हणणार, ऊठ, कागद येईपर्यंत बाहेर बस. गुरुजींना इतका संताप आला, की तो कुणावर काढावा हेच कळेना. समोरच्या माणसावर काढावा तर त्यानं पोर शिकवलेलं. साहेबांवर काढावा तर ते बसलेत लांब, शून्याची बेरीज करत. चांगलं काम करायचं ते चोरासारखं लपून, आणि लबाडी मात्र शाल पांघरून, भर सभेत! थू त्या माहितीच्या आणि थू त्या जाळ्याच्या!

मग त्यांनी फोटो पुसला आणि दात खाऊन लिहिलं:

'विद्यार्थिनी दिपाली स्थलांतरित नसून शाळेत हजर आहे. माझ्याकडून चुकीची माहिती गेली, दिलगीर आहे.'

पाठवताना त्यांनी एकदा खिडकीतून पाहून घेतलं. हजर होती.

क्षणभरानं साहेबांचं उत्तर आलं. चूक मान्य केल्याबद्दल समाधान वाटलं, यापुढे जबाबदारीने वागावे, ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्याखाली टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. पहिली टाळी शेजारूनच पडली. गुरुजींनी मान वळवली तर आश्रुबा सर डोळे पुसत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'योग्य निर्णय साहेब, आपले मार्गदर्शन मोलाचे' असं लिहीत होते.

"सवय हो," ते ओशाळून म्हणाले.

गुरुजी उठले, फाटकातल्या मेंढराला बाजूला सारून बाहेर आले. कुंपणाशी म्हाळसाबाई उभी होती, डोक्यावर पाण्याची घागर. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला.

"आगं बया, गुरुजी! पोरीचं वाचनं ऐकलाव का? तिच्या बापानंबी ऐकलं काल. म्हनायलाय, शिकू दे पाचवी." मग तिचं लक्ष धुळीनं माखलेल्या गाडीकडं आणि गुरुजींच्या घामेजलेल्या सदऱ्याकडं गेलं, आणि ती कळवळून म्हणाली, "पर तुमी येवढं उन्हातान्हाचं कशापायी आलाव? ते मास्तरलोकांचं मोबाइलात केलंय ना तुमी, त्याच्यात नुस्तं इचारायचं की!"